अर्जदारास विणकाम येते का

१४ जुलै १९८६, सोमवार

फॉर्म आला! भिकनने आणून दिला. भिकन म्हणजे आमच्या विणकर सोसायटीचा शिपाई. सायकल दाराला टेकवून आधी चहा मागितला, चहा झाल्यावर पान मागितलं, आणि मग खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. असा माणूस. म्हणाला, "आजी, सरकारचं शिक्षण केंद्र निघतंय आपल्या येवल्यात. फक्त बायांसाठी. वर्षभर शिकायचं आणि शेवटी माग मिळतो. शिकणारीच्या स्वतःच्या नावावर."

नवसा रहाटावर दोऱ्याच्या कांड्या भरत होती. रहाट थांबला. एरवी घरात पाहुणा येवो की चोर येवो, तिचा रहाट थांबत नाही.

नवसा माझी नात. माझा मुलगा मोतीराम, त्याची एकुलती. मोतीरामची पहिली दोन लेकरं राहिली नाहीत, मग सूनबाईने वणीच्या देवीला नवस बोलला आणि ही झाली. आता अठरा सरली. हसली की शेजारच्या घरात कळतं. तिच्याबद्दल लिहायला बसले की पान पुरत नाही, म्हणून थांबते.

फॉर्म मीच वाचला. मी तिसरीपर्यंत शिकलेली, मधे सगळं विसरले होते. प्रौढांच्या वर्गात परत गिरवलं. ही वहीसुद्धा त्याच वर्गाची. तर सातवा प्रश्न असा — अर्जदारास विणकाम येते का? भिकन म्हणाला, तिथे 'नाही' लिहा, केंद्र न येणाऱ्या बायांसाठी आहे. मोतीराम म्हणाला, लिही नाही. मी लिहिलं. नाही. अक्षर चांगलं आलं.

१६ जुलै

परवाचं 'नाही' डोक्यात बसलंय. वहीत लिहून टाकते, वही कोणी वाचत नाही.

नवसाला येतं. चांगलं येतं. चार वर्षांपासून मोतीरामच्या डोळ्यांना बारीक दिसत नाही. साडीचं अंग तो विणतो, ते सरळ काम आहे, हाताला सवय असते. पण पदरावर पोपट काढायचे, कमळ काढायचं, तर रंगारंगाच्या कांड्या एकेक दोरा मोजून फिरवाव्या लागतात. ते नवसा करते. दार लोटून घ्यायचं आणि तिने मागावर बसायचं. कारण आमच्या घराण्यात बाईने मागाच्या खड्ड्यात पाय सोडायचा नाही. बाईने कांड्या भराव्या, तुटलेला दोरा जोडावा, नवा ताणा जुन्याला गाठ मारून सांधावा. बसायचं पुरुषाने. शेठ लोकांनाही तेच बरं वाटतं. पदर बाईच्या हातचा आहे म्हटलं की लगेच नाक मुरडतात.

म्हणून साडी जाते ती मोतीरामच्या नावाने. आता चैत्रात एक साडी राज्याच्या स्पर्धेला गेली. तीसुद्धा 'मोतीराम सहादू, येवला' अशीच गेली. सहादू म्हणजे आमचे हे. सहादूचा पदर म्हटलं की पैठणपर्यंत लोक ओळखायचे. वारून पंधरा वर्षं झाली.

१९ जुलै

ओझरहून नवसाच्या स्थळाचा निरोप आला. मुलगा गोरक्ष, विमानाच्या कारखान्यात कामाला. कॉलनीत खोली आहे, नळाला दोन वेळा पाणी. दसऱ्यापर्यंत काय ते कळवा म्हणतात. मोतीराम म्हणाला, "केंद्रात नंबर लागला तर एक वर्ष थांबा म्हणून सांगू. नाही लागला तर हो म्हणून टाकू."

मुलगा वाईट नाही. पण कॉलनीतल्या खोलीत माग कुठून येणार?

मेथी निवडताना नवसाने मला विचारलं, आपण मागे पैठणच्या यात्रेला गेलो तेव्हा मी किती वर्षांची होते. मी सांगितलं, सात. तिथे एक बाई उघड्या दारात मागावर बसलेली दिसली होती, तिच्यापाशी ही थांबली ती हलेना. मग बराच वेळ काड्या मोडत बसली. मग म्हणाली, "आजी, मला लग्न नको असं नाय. पण एक माग माझ्या नावचा पाहिजे. मग तो घेऊन मी कुठं पण जाते."

२७ जुलै, रविवार

पत्र आलं. सहा ऑगस्टला नाशिकला मुलाखत. बायांच्या हातात काम देऊन बघणार म्हणे.

मग काय, आमच्या घरात शाळा सुरू! नवसाला न येण्याची शाळा. आडवा दोरा फेकायचा धोटा दिला की उलटा धर, मी सांगितलं. तिने धरला, पण बोटं आपोआप सुलट झाली. दोरा तुटला तर बावरून इकडे तिकडे बघ. ती बावरली, पण तोवर हाताने गाठ मारून झाली होती. विणकराची गाठ, एका बोटाची. मी म्हटलं, अगं, म्हशीला बांधतात तशी मार, ढोबळी! सूनबाई चांगुणा तव्याजवळून म्हणाली, "आत्याबाई, मी या घरात आले तेव्हा माझी गाठ बघून तुम्ही तीन दिवस बोलला नव्हता. तशी मारायला शिकवा." इतकं हसलो. मोतीरामही हसला. त्याला असं हसताना मी किती दिवसांनी बघितलं.

संध्याकाळपर्यंत नवसाला पार काही येईनासं झालं. शहाणी पोर. काय शिकवाल ते शिकते.

५ ऑगस्ट

उद्या नाशिक. माझं हिरवं लुगडं धुतलं. दशम्या बांधल्या. मी का चाललेय तर मोतीरामला मालाची घाई आहे आणि पोरीसोबत कोणी तरी पाहिजे. खरं म्हणजे मला जायचंच होतं.

७ ऑगस्ट

नाशिकला जाऊन आलो.

८ ऑगस्ट

काही लिहायचं सुचत नाही. मला ताटात नेहमीसारखं वाढतात. नेहमीपेक्षा जास्त वाढतात.

११ ऑगस्ट, सोमवार

लिहून टाकते.

गाडी छान मिळाली. खिडकी मिळाली. निफाडला पेरू घेतले. नाशिकला उतरल्यावर ते ऑफिस शोधत आम्ही तीनदा त्याच चौकात आलो आणि नवसा हसून हसून खाली बसायची राहिली. म्हणजे तिथपर्यंत सगळं चांगलं होतं, हे मला लिहून ठेवायचंय.

मोठी खोली. वीस-बावीस पोरी. मुलाखत घेणाऱ्या मॅडम साध्या, सुती साडी, आवाज मऊ. सोबत एक साहेब. नवसाची पाळी आली तेव्हा तिने धोटा उलटा धरला. दोरा तोडला. इकडे तिकडे बघितलं. ढोबळी गाठ मारली, ती पण दोनदा सुटली. मॅडम म्हणाल्या, "असू दे बाळ, शिकशील." वहीत काही तरी बरोबरची खूण केली. मला खुर्चीवरून दिसली ती खूण.

तिथे उठून निघायला हवं होतं.

साहेबांनी मग एक साडी आणून टेबलावर पसरली. पोरींना दाखवायला, की शिकलात तर एवढं मोठं काम असतं या धंद्यात. जांभळी साडी, पदराला पोपट. मी बघितलं आणि ओळखली. आमची. चैत्रात स्पर्धेला गेलेली. कोपऱ्याला चिठ्ठी — मोतीराम सहादू, येवला. साहेब पोरींना म्हणाले की हा हात पुरुषाचा आहे, बायकांना एवढा दम धरवत नाही, म्हणून तुम्हाला आपण आधी पंचे आणि टॉवेल शिकवणार.

नवसा खाली बघत उभी होती. पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होती.

आणि मी बोलले. "साहेब, हा पोपट माझ्या नातीचा आहे."

एवढंच बोलून थांबले असते तरी म्हातारी बरळते म्हणून सोडून दिलं असतं. पण मी उठले. टेबलापाशी गेले. पदर उलटा करून दाखवला. म्हटलं, माझा मुलगा पोपटाचा गळा डावीकडून वळवतो, ही उजवीकडून वळवते, आणि इथे चोचीखाली एक दोरा जास्तीचा घेते, म्हणून हिचा पोपट मान वळवून बघतो, सगळ्या येवल्यात असा पोपट नाही. म्हटलं, दम काय विचारता, एक पदर महिना-महिना चालतो आणि ही पोर त्यातून भाकऱ्या पण थापते! मला थांबवेना. मला इतका आनंद होत होता. असं चारचौघांत तिचं नाव घेऊन मी कधी बोललेच नव्हते.

माझं बोलून झालं. पंख्याचा आवाज येत होता.

मॅडमनी नवसाचा फॉर्म काढला. सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं. माझ्या अक्षरातलं 'नाही'. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, तुम्ही खरं बोललात. पण खरं बोललात म्हणूनच मला आता हिचं नाव घेता येत नाही. जागा न येणाऱ्यांच्या आहेत." मी विचारलं, मग येणाऱ्यांसाठी काय आहे? त्या म्हणाल्या, येणाऱ्यांसाठी ही स्पर्धा आहे. आणि साडीवरच्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. ती चिठ्ठी साहेबांनी काढून खिशात घातली.

परतीच्या गाडीत नवसा एकदाच बोलली. "आजी, पाणी पी."

१५ ऑगस्ट

झेंडा झाला. मुलांना लिमलेटच्या गोळ्या मिळाल्या. पाऊस नाही.

२ सप्टेंबर

साडी परत आली. भिकनने आणली. चहा मागितला नाही. सोबत कागद होता — विणणाऱ्याचे नाव जुळत नसल्याने विचार करता येत नाही. मोतीरामने कागद डोळ्यांशी नेऊन वाचला, म्हणजे वाचल्यासारखं केलं, आणि चांगुणाला म्हणाला, साडी डांबरगोळी टाकून ठेव.

मी त्याला म्हटलं, मला काही तरी बोल. तो म्हणाला, काय बोलू आई? वीज गेली होती, त्याने कंदिलाची काच पुसायला घेतली.

९ सप्टेंबर

परवा गणपती बसले. आरतीला सगळे टाळ्या वाजवतात, मीही वाजवते. हात हातावर पडतो एवढंच.

१२ ऑक्टोबर

दसरा. मागाची पूजा झाली. ओझरला होकार गेला.

गोरक्षची आई चांगुणाला म्हणाली की पोरगी गुणी दिसते, काय काय येतं तिला? चांगुणाने सांगितलं, स्वयंपाक येतो, शिवण थोडं येतं. मी शेजारी बसले होते. सुपारी कातरत होते. या वेळी गप्प बसले.

८ नोव्हेंबर

नवसाने शेवटचा पदर उतरवला. उतरवल्यावर ताणा तोडायचा नसतो. हातभर शेपूट फणीत राहू द्यायचं आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा त्याला सांधायचा. हजारो दोरे असतात. आम्ही दोघींनी मिळून सांधले, ती डावीकडून, मी उजवीकडून. चार दिवस लागले. मधोमध येऊन भेटलो तेव्हा तिने शेवटची गाठ मला मारायला दिली.

मला वाटलं आता रडू येईल. नाही आलं.

७ डिसेंबर, रविवार

नवसाचं लग्न झालं. जेवायला बुंदी होती. लोक म्हणाले, आजी, नात चांगल्या ठिकाणी पडली. मी म्हटलं, हो. सगळ्यांना हो म्हटलं. टेम्पो गेल्यावर मांडवातल्या सतरंज्या झटकल्या.

८ डिसेंबर

सतरंज्या परत दिल्या. एक कमी भरली.

१५ जानेवारी १९८७

काल संक्रांत. तिळगूळ केला. नवसाचं पत्र. खोलीवरून विमानं जातात, पहिले आठ दिवस दचकायचे, आता नाही, असं लिहिते. गोरक्ष बरा आहे. शेजारणीने तिला स्वेटर विणायला शिकवायला घेतलंय. शेजारीण म्हणते, पहिल्यांदा हातात घेतलंस तरी पटकन जमतंय! हे वाचून चांगुणा हसली. मीही हसले. मग पत्र घडी करून डब्यात ठेवलं.

३ मार्च

केंद्र सुरू झालं. सोसायटीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बारा पोरी. येता-जाता आवाज ऐकू येतो. माग अडखळत चालतो. ठक — मग किती तरी वेळ काही नाही — ठक. भिकन सांगतो, शिकवायला आलेल्या मास्तरांना पंचेच येतात. मी त्याला म्हटलं, मला काय करायचंय?

२० एप्रिल

माग चालू आहे. माल वेळेवर जातो.

११ जून

शेठ आले होते. पदर हातावर घेऊन उजेडात नेला. म्हणाले, "मोतीराम, पोपट बदलले रे तुझे. मधली चार वर्षं वेगळे होते. आता परत सहादूसारखे झाले. बापाचा हात आला तुझ्यात." मोतीराम म्हणाला, होय शेठ. मी चहा दिला. साखर घालायची विसरले, ते तसाच प्यायले.

२ ऑगस्ट

बोटं सकाळी लवकर उघडत नाहीत. गरम पाण्यात धरून बसावं लागतं. चांगुणा पाणी तापवून देते आणि दार लोटून घेते.

गेल्या वर्षी या दिवसांत मी बोलले. रोज आठवतं असं नाही. भाजी चिरताना, केस विंचरताना, असंच कधी तरी ती खोली येते समोर. पंखा, टेबल. आतून काही हलत नाही. दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी तसं.

१८ ऑक्टोबर

नवसा बाळंतपणाला आली. अंगाने भरली आहे. चालताना कमरेवर हात ठेवते. आल्या आल्या पिशवी ठेवली आणि मागापाशी गेली. अर्धा पदर मागावर होता. वाकता येत नाही तरी वाकली, खालून हात घालून उलट्या बाजूला बोटं फिरवली. मोतीरामकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आजी, बोटं दाखव."

मी दाखवली. तिने तिळाचं तेल कोमट करून आणलं आणि एकेक बोट चोळत बसली. पोटामुळे जवळ सरकता येत नव्हतं, म्हणून हात लांब करून.

२५ ऑक्टोबर

दुपारी दार लोटून मी पदरावर असले की ती शेजारी पाटावर बसते. कांड्या भरून देते. गप्पा मारते, म्हणजे पूर्वी मी मारायचे तशा. ओझरच्या खोलीत माग बसतो का म्हणून तिने पावलांनी मोजून बघितलं होतं म्हणे. पलंग काढला तर बसतो! गोरक्षला सांगितलं तर तो म्हणाला, पलंग माझ्या आईने दिलाय. इतकं बोलून ती हसली. शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल.

८ डिसेंबर

मुलगी झाली. सकाळी. दोघी बऱ्या.

मी पणजी झाले. नाक चपटं, कपाळ मोठं, आमच्यातलं कोणी नाही, ओझरची सगळी. सुईण म्हणाली, पहिली बेटी. मी म्हटलं, असू दे. सगळ्या आळीत साखर वाटली. बाळाने माझं बोट धरलं, ते वाकडं, न उघडणारं. घट्ट धरलं. मला आनंद झाला. खरंच झाला. किती तरी दिवसांनी लिहिताना हात थांबला.

१४ डिसेंबर

बारसं ओझरचे लोक आल्यावर. तोवर सगळे ठमी म्हणतात.

१९ जानेवारी १९८८, मंगळवार

हातमागाची गणती करणारा सरकारी माणूस आला. घरात विणकर किती? मोतीराम म्हणाला, एक. मी म्हटलं, एक नाही. माझं नाव लिहा.

किती वर्षं विणता, आजी? मी सांगितलं, एकेचाळीस. ह्यांचा उजवा हात गेला त्या सालापासून. सहादूच्या आणि मग मोतीरामच्या नावाने गेलेला एकेक पदर माझा आहे. मधे नवसाची चार वर्षं तेवढी मी नव्हते. ही गोष्ट मी या वहीतसुद्धा कधी लिहिली नव्हती.

मोतीराम हळूच म्हणाला, "आई, आबांचं नाव..."

त्या माणसाचं पेन थांबलं. आतून नवसा आली. लेक माझ्या मांडीवर ठेवली आणि त्याच्यासमोर जाऊन बसली.

"बाया दोन लिहा. आजी आणि मी."